झाकणाखालचा वास

माझ्या नाकाबद्दल कोल्हापूर जिल्ह्यात कुणाला शंका नव्हती. दूध संघात मी आयुष्यभर एकच काम केलं. गावोगावचे कॅन यायचे, झाकण उघडायचं, नाक पुढं करायचं आणि सांगायचं, घ्या नाहीतर परत पाठवा. यंत्रं नंतर आली. यंत्राला फॅट कळतं, पण म्हशीनं काल कांद्याची पात खाल्ली होती हे कळत नाही. मला कळायचं. एकदा कोडोलीच्या एका कॅनवर वाकलो आणि म्हणालो, "ह्या म्हशीजवळ रॉकेल सांडलंय." कॅनवाला चिडून गेला आणि दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आला. गोठ्यातला कंदील गळत होता. रिटायर झालो तेव्हा अध्यक्ष भाषणात म्हणाले, "चौगल्यांचं नाक ही संघाची इज्जत हाय." नाकात हार घालता येत नाही म्हणून गळ्यात घातला.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या प्रकरणात लोक माझ्या अकलेबद्दल बरंच बोलले. नाकाबद्दल मात्र कुणी ब्र काढलेला नाही.

आमची मोना पुण्याला एका कंपनीत आहे. तिथंच तिला राजवीर फणसे भेटला. फणसे म्हणजे मराठेच, पण पिढ्यान्‌पिढ्या उज्जैनला राहिलेले. पोरगा घरी येऊन गेला, तांबडा रस्सा डोळ्यांत पाणी न आणता प्याला, दुसरी वाटी मागितली. माझी बायको संयोगिता तिथंच विरघळली. राहिले होते त्याचे वडील, तुकोजीराव. रेल्वेतून रिटायर झालेले, पत्नी वारलेल्या, एकटेच. त्यांच्याशी फोनवर बोलून बैठक महाशिवरात्रीची ठरवली. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. फोन ठेवता ठेवता ते म्हणाले,

"चौगलेसाहेब, त्या दिवशी आमच्याकडे ठंडाई असते. तुम्ही काही त्रास घेऊ नका. मी माझी थर्मासमध्ये घेऊन येईन."

"थर्मासमधनं कशाला? थंडाई कोल्हापुरात हाय की! तालमी-तालमीत घोटत्यात."

"ते हो बदामाचं दूध. पैलवानांचं. आमची भांगेची असते, महाकालचा प्रसाद. आणि भांग म्हणजे वास. तो टिकवणं प्रत्येकाला नाही जमत. आमची मिसेस करायची, एकदम... जाऊ द्या."

या सगळ्यातलं मला ऐकू आलं ते फक्त "नाही जमत". पाहुणा घरी येताना स्वतःचं प्यायचं घेऊन येणार, आणि तेही वासासाठी, आणि कुणाच्या घरी? माझ्या! मी म्हणालो, "फणसेसाहेब, थर्मास घरी ठेवून या. थंडाई मी करतो. वासासकट."

संयोगिता दारात उभी राहून ऐकत होती. "पोरीची सोयरीक ठरवायला बसणार हाय का झिंगायला?"

"झिंगायचं कोण बोलतंय? प्रश्न वासाचा हाय."

"वास तुमच्या डोक्यात गेलाय," ती म्हणाली आणि आत गेली. आमच्याकडे महत्त्वाच्या निर्णयांवर चर्चा अशीच होते.

पुढच्या शनिवारी मोना आली ती एक पुडकं घेऊन. उज्जैनला सरकारी परवान्याचं भांगेचं दुकान असतं म्हणे, तिथनं सासऱ्यांनी राजवीरबरोबर पाठवलेलं. मोनानं ते दोन बोटांत धरून माझ्यापुढं ठेवलं. "बाबा, तुमचं दोघांचं काय चाललंय? आमचं लग्न राहिलं बाजूला."

मी पुडकं उघडलं, डोळे मिटले आणि नाक लावलं. सगळ्यात पुढं वाळलेलं गवत. त्याच्यामागं जरा मिरी. आणि त्याच्याही मागं, लांब, दुसऱ्या खोलीत कुणीतरी लिंबू सोलतंय असं काहीतरी. मला एकदम सगळं स्पष्ट झालं. पुढचं गवत घालवायचं आणि मागचं लिंबू राखायचं, एवढंच काम. एवढ्यासाठी तो माणूस थर्मास घेऊन निघाला होता!

पहिला प्रयोग मी दुधात केला. दूध हे माझं क्षेत्र. पानं टाकली, उकळी आणली, गाळलं. लिंबू पहिल्या वाफेबरोबरच निघून गेलं आणि गवत मात्र ठाण मांडून बसलं. पावसात भिजलेली वैरण उन्हात पसरल्यावर जसा वास सुटतो, तसा सगळ्या स्वयंपाकघरात सुटला. संयोगितानं पातेल्यात डोकावून बघितलं. "हे म्हशीला घाला. आणि म्हैस प्याली तर मला येऊन सांगा."

संध्याकाळी फणश्यांचा फोन. "कसा आला वास?"

खोटं बोलायचा माझा स्वभाव नाही. सगळं सांगितलं. गवत, मिरी, वैरण, पळून गेलेलं लिंबू.

"उकळी यायच्या आधी कसा होता?"

"आधी लिंबू होतं की. सालीसारखं. हिरव्या सालीसारखं."

"मग?"

"मग काय, गेलं."

"नाही, जाताना कसं गेलं? हळूहळू का एकदम?"

आता बघा! माणूस तोंडी परीक्षा घेतोय माझी. मी मनात म्हटलं, घे बाबा. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे कॅन नापास केले, आता तू माझं पातेलं कर.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या चूक लक्षात आली. वास धरतो तो स्निग्धपणा. कांद्याच्या पोत्याशेजारी दूध ठेवलं तर साय आधी बिघडते, हे मीच नव्या पोरांना शिकवत आलो होतो. म्हणजे भांग दुधात नाही, तुपात मुरवायची, आणि ते तूप मग थंडाईत घालायचं. दुसऱ्या दिवशी संयोगिता बाजारात गेल्याचं बघून मी घरचं कढवलेलं तूप काढलं.

तूप जरा तापतंय तोवर खालून हाक आली. तळमजल्यावर बनाबाई राहतात. वय झालंय, गुडघे गेलेत, पण अपार्टमेंटमध्ये कुणाच्या घरी काय शिजतंय हे त्यांना शिजवणाऱ्याआधी कळतं. नाकाच्या बाबतीत जिल्ह्यात मला कुणाची धास्ती वाटली असेल तर बनाबाईंची.

"सयाजी, काय जाळायलाइस?"

"जाळत न्हाय, मुरवायलोय. वास उडून जातोय."

"मग झाकण लाव की. आणि झाकणाला कणकीचा थर दे. आमची सासू मटण अशीच लावायची. वाफ म्हणून भाईर जायची न्हाय."

सल्ला पटला. मी कणीक मळली. तेवढ्यात वरून आकारामसर उतरले. आकारामसर म्हणजे आमच्या अपार्टमेंटचे चेअरमन, हायस्कूलला विज्ञान शिकवायचे, आणि शिकवायचं अजून थांबलेलं नाही.

"सयाजी, वास म्हणजे काय? रेणू. उष्णता वाढली की रेणू पळणार. भांडं डायरेक्ट आचेवर ठेवू नकोस. पाण्यात ठेव. कुकरमध्ये."

हाही सल्ला पटला. आता एक गोष्ट मी न्यायाच्या बाजूनं सांगतो. बनाबाईंचं म्हणणं बरोबर होतं आणि सरांचंही बरोबर होतं. चुकलं ते दोन्ही एकाच वेळी ऐकण्यात. कणकेनं लिंपलेला डबा मी कुकरात ठेवला, कुकरचं झाकण लावलं, आणि धीर निघेना म्हणून वाफ जिरायच्या आत शिट्टी उचलून झाकण काढलं. बाहेरचा दाब गेला, आतल्या डब्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. डब्याचं झाकण उडालं ते थेट वरच्या फळीवर, तूप छताला, आणि मी ओट्याखाली. छताला दिवाळीतच रंग दिला होता. फिका मोतिया. आता त्याच्यावर हिरव्या ठिपक्यांची नक्षी.

घाबरून मी एक्झॉस्ट फॅन लावला. इथं आमच्या बिल्डरची आठवण काढणं भाग आहे. त्यानं स्वयंपाकघराचे फॅन ज्या डक्टात सोडलेत, त्याच डक्टात सगळ्या मजल्यांच्या बाथरूमच्या खिडक्या आहेत. तेव्हा आकारामसर वर जाऊन आंघोळीला बसले होते. त्यांनी पंचगंगेच्या नावानं पहिला तांब्या ओतला आणि वर बघितलं तर खिडकीतून हिरवा, तुपकट, जडशीळ वास आत उतरत होता. सर टॉवेलवरच जिन्यात आले.

बनाबाई गुडघे धरत त्यांच्याआधी येऊन पोचल्या होत्या. त्यांनी ओट्यावरून भाजलेल्या कणकेचं कडं उचललं, तुकडा मोडून तोंडात टाकला. "खुसखुशीत झालीया की," म्हणाल्या आणि उरलेलं कडं पदरात बांधून घेऊन गेल्या. मला अडवायचं सुचलं नाही, मी छताकडे बघत होतो. त्या दुपारी बनाबाई झोपल्या त्या दिवेलागणीला उठल्या, आणि उठल्याबरोबर त्यांनी सुनेची स्तुती केली. सून घाबरून रडत आमच्या दारात आली. "काका, आत्यांना काय झालंय? मला 'गुणाची' म्हणाल्या!"

संयोगितानं बाजाराची पिशवी खाली ठेवली, छत बघितलं, तुपाची रिकामी बरणी बघितली. काही बोलली नाही. चिडलेल्या बायकोपेक्षा न बोलणारी बायको जास्त वेळ टिकते, हे विवाहित वाचकांना सांगायला नको.

संध्याकाळी पार्किंगमध्ये मीटिंग. सर म्हणाले, "सयाजी, तुझ्या घरात तू काय करतोस ते तू जाणे. पण वास डक्टात आला तर याद राख." मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, वास डक्टात येणं हाच माझा पराभव हाय. तुमच्यापेक्षा मला जास्त लागलंय ते."

फणश्यांना मात्र फोनवर सगळं ऐकायचं होतं. झाकण उडालं तेव्हाचा वास. छतावरचा, तूप गार झाल्यानंतरचा वास. कणकेचा. "भाजलेल्या कणकेचा कसा होता हो? पोळी करपल्यासारखा, का दाल-बाटीतल्या बाटीसारखा?" मी सांगत गेलो. तिकडून नुसतं "हां... हां..." मला वाटलं, माणूस माझ्या चुका टिपून घेतोय, बैठकीत काढणार.

तिसऱ्या खेपेला मी घाई केली नाही. सांगितलंच पाहिजे, मी कुणाचा सल्लाही घेतला नाही. पानं आधी कोमट पाण्यात भिजवली, चोळली, पाणी ओतलं. परत भिजवली, परत ओतलं. दर पाण्याबरोबर गवत निघून जात होतं. पाणी निवळायला लागलं तशी पानं पिळून घेतली. मग पितळी डब्यात तूप आणि ती पानं, डबा पातेल्यातल्या पाण्यात, पाणी उकळू द्यायचं नाही, नुसतं हलतं ठेवायचं. झाकण साधं, कणीक नाही, दाब नाही. आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे मध्ये उघडून बघायचं नाही. गॅस बंद केल्यावरही नाही. डबा पूर्ण गार होईपर्यंत मी त्याच्यासमोर स्टुलावर बसून राहिलो. झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब जमलेले असतात. लोक ते पुसून टाकतात. अहो, पळून निघालेला सगळा वास तिथंच अडकून बसलेला असतो! ते थेंब मी बोटानं परत तुपात सोडले. वेलदोडे आणि गुलाबाच्या पाकळ्या त्यानंतर घातल्या, आचेवर असताना नाही.

मग नाक लावलं. गवत नव्हतं. पुढं तूप, खमंग नाही, नुसतं मऊ. त्याच्यात मिरी. आणि मागं दुसऱ्या खोलीतलं ते लिंबू आता ह्याच खोलीत येऊन बसलेलं.

थोड्या वेळानं आकारामसर खाली आले. जरा साशंक. "आज काही केलं नाहीस का? डक्टात काही आलं नाही."

"केलं की," मी म्हणालो आणि डबा उघडून पुढं धरला. सरांनी वास घेतला. पुन्हा घेतला. चष्मा काढून पुन्हा घेतला. सर सहसा कुणाला पास करत नाहीत. म्हणाले, "सयाजी, उत्तम! जो वास बाहेर आला नाही तोच आत राहिला. नियमच आहे." आणि जिन्याकडे वळता वळता थांबले. "पण एक सांग, ह्याला परवाना काढलायस काय?"

परवाना! मध्य प्रदेशात दुकान सरकारी असेल, पण हा महाराष्ट्र. ज्या माणसानं कधी एक शंकास्पद कॅन संघात शिरू दिला नाही, त्याच्या फ्रिजमध्ये शंकास्पद तूप. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा पिशवीत घालून, मी एका कचेरीत गेलो. कचेरीचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या साहेबांनी "तुम्ही इथं आला नव्हता" असं मला बजावून सांगितलंय.

बाहेरच्या टेबलावरच्या माणसानं विचारलं, "काय विकायचं हाय?"

"काही न्हाय. घरच्या घरी. पाहुण्यांसाठी."

"पाहुण्यांचा परवाना हाय?"

"पाहुण्यांचा परवाना म्हणजे?"

"पिणार ते न्हवं? मग परवाना पिणाऱ्याचा लागंल. तुमचा करणाऱ्याचा. का ठेवणाऱ्याचा?" त्यानं शेजारच्याला विचारलं, शेजारच्यानं पलीकडच्याला. पलीकडचा म्हणाला, हे औषधात येतं, दुसऱ्या इमारतीत जावा. दुसऱ्या इमारतीतले म्हणाले, तूप असेल तर अन्नात येतं, पान असेल तर आमच्यात येतं, पण पान तुपात असेल तर पहिल्या इमारतीत विचारा. मी परत पहिल्या इमारतीत. या वेळी साहेबच भेटले. तरुण होते, सभ्य होते.

"काका," ते म्हणाले, "तुम्ही विचारलंच नसतं तर बरं झालं असतं. आता विचारलंय म्हटल्यावर मला उत्तर द्यावं लागणार. उत्तर 'नाही' असं हाय."

"मग हे जमा करून घ्या." मी पिशवीतून डबा काढायला लागलो.

"काढू नका!" साहेब खुर्चीतून उठले. "जमा करायचं तर पंचनामा लागतोय. पंचनामा केला की गुन्हा आला. गुन्हा आला की आरोपी आला. खोलीत आपण दोघंच हाय काका, आणि मी आरोपी न्हाय."

मी डबा आत सरकवला. झाकण जरा सैल झालं असावं. साहेब बसता बसता थांबले, हवेत नाक वर केलं आणि नकळत म्हणाले, "लिंबू घातलंय काय हो?"

"एक थेंब न्हाय," मी म्हणालो. आयुष्यातला सगळ्यात मोठा सन्मान मला त्या खोलीत मिळाला आणि तो कुणाला सांगायची सोय नाही. साहेब भानावर आले. "घरी जावा. काय ते टाकून द्या. तुम्ही इथं आला नव्हता."

दुसरा दिवस महाशिवरात्रीचा. सकाळी घंटागाडी आली. मी डबा घेऊन खाली उतरलो. गाडीवाल्यानं विचारलं, "ओला का सुका?" मला सांगता येईना. शेवटी त्यानंच डबा हातातून घेतला, ओल्यात उपडा केला, आणि गाणं वाजवत गाडी निघून गेली. कोपऱ्यापर्यंत मला वास येत होता.

वर आलो तर संयोगितानं माळ्यावरची, थंडाई घोटायची दगडी कुंडी आणि सोटा काढून धुऊन ठेवला होता. बऱ्याच दिवसांनी ती माझ्याशी बोलली. "आपली थंडाई करा. तालमीतली. त्यात लाजायचं काय हाय? आणि पावण्यांना खरं काय ते सांगा. पोरीचं घर खोट्यावर उभं करायचं न्हाय."

खरं सांगायची मला भीती नव्हती. भीती वेगळीच होती. गेले कित्येक दिवस मी त्या माणसाला रोज फोनवर लिंबू, मिरी, गुलाब ऐकवत होतो. आता म्हणणार, भांग नाही, बदामाचं दूध घ्या. तो हसणार. आणि ज्या घरात पहिल्या बैठकीत पोरीच्या बापावर हसले, त्या घरात पोरीला उद्या कोण मान देणार? बैठकीसाठी आलेली मोना सकाळपासून चौथ्यांदा ओढणी बदलून आली होती.

संध्याकाळी फणसे आले. उंच, सडपातळ, पांढऱ्या मिशा, बरोबर राजवीर. हातात थर्मास नव्हता. माझ्या शब्दावर विसंबून माणूस रिकाम्या हातानं आला होता. मी त्यांना बसूही दिलं नाही. "फणसेसाहेब, आधी ऐकून घ्या. भांग न्हाय. झाली होती, एक नंबर झाली होती, पण कायद्यात बसत न्हाय म्हणून टाकली. तालमीतली साधी थंडाई हाय. पटत असंल तर बसा."

राजवीर वडिलांकडे बघायला लागला. फणसे कॉटवर टेकले आणि म्हणाले, "टाकली? ती तिसरी? लिंबाची?"

"व्हय."

"टाकताना वास होता?"

माझं डोकं फिरलं. "साहेब, पोरीचा बाप हाय म्हणून किती ऐकून घ्यायचं? आल्यापासून, आल्यापासून काय, महिनाभर तुम्ही माझी परीक्षा..."

"परीक्षा?" त्यांनी माझा हात धरला. "चौगलेसाहेब, मला वास येत नाही."

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणाले.

"कोरोनात दोघं ॲडमिट होतो. मिसेस गेली. मी घरी आलो, पण नाक काही परत आलं नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. नाही आलं. जेवण म्हणजे नुसतं चावणं झालंय हो. थर्मासचं मी उगाच बोललो. तिच्यानंतर घरात ठंडाई झालीच नाही, मलासुद्धा करता येत नाही. तुम्ही पहिल्या दिवशी फोनवर म्हणालात ना, पुढं गवत, मग मिरी, मागे कुणीतरी लिंबू सोलतंय... मी डोळे मिटून बसलो होतो. आला मला तो वास. इतक्या वर्षांनी. म्हणून रोज फोन करत होतो."

राजवीर खाली मान घालून बसला होता. त्यालाही हे माहीत नव्हतं. वडील भाजीला नावं ठेवत नाहीत म्हणून तो आपला खूश असायचा.

मग मी जे मला येतं तेच केलं. "उठा," म्हटलं, "आत चला." त्यांना स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं आणि कुंडीत सोटा फिरवायला लागलो.

"बडीशेप घातली. वास येतोय तो तिचाच, सगळ्यांच्या पुढं पळतोय."

"थांबा. बडीशेप कुठली? औषधातली का पंगतीनंतरची?"

"पंगतीनंतरची. पान खाल्लेला माणूस शेजारी येऊन बसलाय असं समजा."

"हां." त्यांनी डोळे मिटले. "आला. पुढं?"

"आता खसखस. हिला स्वतःचा वास न्हाय, पण ही आल्यावर बाकीचे जरा हळू बोलत्यात. आता मिरी. ही बघा, नाकाच्या शेंड्याला टोचली."

"टोचली," ते म्हणाले आणि खरंच शिंकले.

बदाम, वेलदोडा, गुलाब, एकेक करत आम्ही सगळी कुंडी संपवली. बाहेर काय चाललंय याचा पत्ताच नव्हता. हातात पेले घेऊन बाहेर आलो तर संयोगिता, मोना आणि राजवीर यांनी तारीख काढली होती, कार्यालय ठरवलं होतं, आणि आकारामसर बोलावणं नसताना खाली येऊन साक्षीदार म्हणून बसले होते. बनाबाई दारात उभ्या राहून विचारत होत्या, "कणकीचं काही केलंय काय आज?"

फणश्यांनी पेला तोंडाला लावला, सगळा संपवला आणि खाली ठेवला. "तालमीतली आहे," ते गंभीरपणे म्हणाले, "पण वास टिकलाय."

लग्नाला अजून वेळ आहे. पण आता आमचं रोजचं ठरलेलं आहे. सकाळी मी कपिलतीर्थ मंडईत जातो, मोबाईल शर्टाच्या वरच्या खिशात चालू ठेवतो आणि निघतो. मेथीची जुडी उचलतो, सांगतो. आलं मोडतो, सांगतो. परवा मंडईत बसणाऱ्या यल्लव्वाच्या पाटीवर पहिल्या कैऱ्या आल्या होत्या. एक उचलली, देठ मोडला, नाकाशी धरली आणि सुरुवात केली, "फणसेसाहेब, आधी चीक. चरचरीत. त्याच्यामागं..."

यल्लव्वा बराच वेळ बघत होती. "पावणं, घ्यायचं न्हाय तर वास कशाला घेतायसा?"

"घेतोय की. पण आधी वास उज्जैनला पाठवायचाय."

तिनं माझ्या खिशातून येणाऱ्या आवाजाकडे बघितलं. खिसा म्हणत होता, "हां... हां... पुढं?" यल्लव्वानं एक मोठी, गच्च भरलेली कैरी निवडली, पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिली.

"मग ही पाठवा. त्या बारक्यात काय न्हाय."